आग बाहेर, ऊब आत

त्रिवेणीबाईंनी सकाळी उठल्या उठल्या गॅरेजात जाऊन साच्यातल्या फायबरच्या पाकळीला बोट लावलं, तर बोट चिकटलं. काल सकाळी ओतलेली पाकळी आज सकाळीही गुळाच्या पाकासारखी. त्यांनी बोट रॉकेलच्या चिंधीला पुसलं आणि नवऱ्याला हाक न मारता चहा टाकायला गेल्या, कारण ही बातमी चहाशिवाय सांगण्यासारखी नव्हती.

त्यांचे यजमान एकनाथराव सुरवसे तीस वर्षं एका सरकारी कारखान्यात साचे बनवत होते. ब्याण्णव साली कारखान्याने नोकरी लवकर सोडणाऱ्यांना एकरकमी पैसे देऊ केले आणि एकनाथरावांनी कुणालाही न विचारता सही ठोकली. घरात महिनाभर सुतक असल्यासारखं होतं. मग एक दिवस कुलदीप आला. हा एकनाथरावांच्या मावसभावाचा मुलगा. निजामाबाद, करीमनगर, वरंगल असा फिरून केबलवाल्यांना तो सामान पुरवायचा. गावोगावी लोकांना आता परदेशी चॅनेलं हवी होती आणि त्यासाठी गच्चीवर मोठी थाळी हवी होती. काका, तुम्हाला फायबरचं काम येतं ना, एवढंच त्याने विचारलं. हैदराबादेत दिलसुखनगरला त्यांच्या घरमालकाने आपली जुनी गाडी विकली होती, त्यामुळे खालचं गॅरेज रिकामंच होतं. तिथे काम सुरू झालं.

एक थाळी म्हणजे आठ पाकळ्या. साच्यावर जाळी पसरायची, काचेच्या धाग्याचं कापड अंथरायचं, वरून रेझिनचा चिकट पाक ओतून ब्रशने बसवायचं आणि ते कडक व्हायची वाट बघायची. साचे एकनाथराव करायचे, कापड त्रिवेणीबाई कापायच्या. शिवणकामाचा हात असल्यामुळे त्यांचं कापड कधी तिरकं जायचं नाही. ऑक्टोबरपर्यंत सगळं लोण्यासारखं चाललं. मग कुलदीपने संक्रांतीच्या आत बारा थाळ्या मागितल्या, आणि त्याच आठवड्यात थंडी पडली.

हैदराबादची थंडी ती काय, असं कुणीही म्हणेल. पण ते गॅरेज दगडी, उत्तरेला तोंड, खाली शहाबादी फरशी. तिथे दुपारी दोन ते पाच रेझिन शहाण्यासारखं वागायचं. सकाळी ओतलं की दिवसभर रुसून बसायचं. पाकळ्या उन्हात ठेवून बघितल्या, तर एका बाजूने वाकल्या आणि वर लिंबाची पानं चिकटली. नुसत्या दुपारच्या कामावर बारा थाळ्या होळीपर्यंतही झाल्या नसत्या.

पहिला उपाय एकनाथरावांनीच केला. कोळशाची शेगडी पेटवून गॅरेजात ठेवली, ऊब टिकावी म्हणून शटर खाली ओढलं आणि रेझिन ओतण्याआधी खोली तापू देत दोघं साच्यावर कापड अंथरत बसले. अर्ध्या तासाने एकनाथरावांना डोकं जड वाटायला लागलं. त्रिवेणीबाई त्यांच्याकडे बघत होत्या. माणूस वाटीएवढी जांभई देत होता आणि सकाळचे नऊ वाजले होते. त्यांनी उठून शटर डोक्यापर्यंत वर ढकललं आणि नवऱ्याला दंडाला धरून बाहेर अंगणात बसवलं. मग शेगडी उचलायला परत आत गेल्या, तेव्हा त्यांचं लक्ष रेझिनच्या पिंपाकडे गेलं. त्यावर ज्वाळेचं लाल चित्र होतं. इतके महिने ते पिंप घरात होतं, पण चित्राकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. ते चित्र मात्र कुणालाही वाचता आलं असतं.

शेगडी अंगणात विझवून त्या नवऱ्यासमोर पायरीवर बसल्या.

"आपल्याला ऊब पाहिजे," त्या म्हणाल्या, "आग नको."

एकनाथराव म्हणाले की आगीवाचून ऊब म्हणजे विजेची, आणि वीज इथे आठ ते दहा जाते, नेमकी कामाच्या वेळेला. तेव्हा दुकानात जाऊन बघू या. बाजारात आता काय काय आलंय म्हणतात.

ते दोघं आबिड्सच्या बाजारपेठेत गेले. त्रिवेणीबाईंना आयुष्यात कुठल्या दुकानदाराने तीन वस्तू पुढे मांडून यातली कुठली हवी असं विचारलं नव्हतं. स्कूटरसाठी सात वर्षं नंबर लावला होता आणि जो रंग आला तो मुकाट घेतला होता. इथे दुकानदाराने आधी खुर्च्या दिल्या, मग थंडगार पेय दिलं, आणि मग हीटर मांडले. एक परदेशी, वातीचा, ग्यासतेलावर म्हणजे रॉकेलवर चालणारा, देवघरातल्या समईसारखा पिवळाधमक. दुसरा गॅसचा, मागे सिलिंडर बसायची जागा आणि पुढे लालभडक होणाऱ्या तीन जाळ्या. तिसरा लांब नळकांड्यासारखा, तोंडातून सरळ ज्वाळा फेकणारा. ग्यासतेल आता रेशनकार्डाशिवाय खुल्या बाजारातही मिळतं, गॅसही खासगी कंपन्या देतात, असं दुकानदार सांगत होता. त्रिवेणीबाई एकेका हीटरसमोर खुर्ची सरकवून बसून बघत होत्या. गॅसवाल्यासमोर बसल्यावर त्यांना उगाचच हसू यायला लागलं. बाहेर लोक बिनबाहीचे शर्ट घालून फिरत होते आणि आपण इथे शेकत बसलोय. एकनाथरावांनी डोळ्याने दटावलं, त्यामुळे हसू आणखी वाढलं. पेय नाकात गेलं.

हसू ओसरल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि दुकानदाराला एकच प्रश्न विचारला. यातल्या कुठल्या हीटरशेजारी पेट्रोलचा डबा उघडा ठेवता येईल?

दुकानदार भला माणूस होता. त्याने तिन्ही हीटर बंद केले आणि अशा ठिकाणी यातला एकही नेऊ नका, असं स्वच्छ सांगितलं. तुम्हाला असं यंत्र पाहिजे की ज्याची आग खोलीबाहेर राहील आणि नुसती गरम हवा आत येईल. तसलं नवं त्याच्याकडे नव्हतं. पण लष्करी तंबूंसाठी पूर्वी असली यंत्रं असायची, कधी कधी लिलावात निघतात, गुरुवारच्या जुमेरात बाजारात एकदा चौकशी करा, म्हणाला.

गुरुवार दोनच दिवसांवर होता. जुमेरात बाजारात जुन्या लोखंडाच्या रांगेत त्यांनी हीटर म्हटलं की जो तो हसायचा आणि शेवटाकडे बोट दाखवायचा. शेवटी करीमभाई नावाचे एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ पिंपावर बसले होते. त्यांच्या मागे, फाटक्या ताडपत्रीखाली, ते होतं. दोन चाकांवर बसवलेला गाभण म्हशीएवढा ड्रम, वर धुराडं, एका अंगाला स्टोव्हसारखा पंप मारायचा बर्नर आणि पुढे हत्तीच्या सोंडेसारखी कापडी नळी.

"दो साल से पड़ा है, अम्मा," करीमभाई म्हणाले. "हैदराबाद में हीटर कौन लेता? सब मेरेकू पागल बोलते."

त्यांनी दाखवलं. आत एक ड्रम, बाहेर एक ड्रम. आतल्यात आग, तिचा धूर धुराड्यातून वर. दोन्हींच्या मधून पंख्याची हवा, ती तापून सोंडेतून खोलीत. अट एवढीच की पंखा आगीच्या आधी सुरू करायचा आणि आग विझली तरी ड्रम निवेपर्यंत थांबवायचा नाही. मात्र पंख्याची मोटर जळलेली होती. एकनाथरावांचा चेहरा पडला, पण करीमभाईंनी तोवर शेजारच्या ढिगातून एक सायकल ओढली होती. मागचं चाक उचलून ती स्टँडवर पक्की केली आणि चाकावरून पंख्याला पट्टा चढवला. वीज जाण्याचा प्रश्नच मिटला.

पायडल कोण मारणार? एकनाथरावांचा उजवा गुडघा कामातून गेलेला. तेव्हा त्रिवेणीबाईंनी चपला काढल्या, साडी खोचली आणि सीटवर चढल्या. परभणीजवळच्या त्यांच्या गावात मुली सायकल चालवत नसत. एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पाय पायडलवर ठेवले, ते भर बाजारात. पहिले दोन फेरे जड गेले. मग पंखा घुमायला लागला, सोंड फुगत फुगत जमिनीवरून उठली, करीमभाईंनी बर्नर पेटवला आणि थोड्या वेळाने सोंडेच्या तोंडातून भट्टीसारखी हवा आली. भोवती पंचवीसतीस माणसं जमली. बारा वाजताच्या उन्हात सगळी हात पुढे करून शेकू लागली. कुणी म्हणालं मक्याची कणसं आणा, कुणी म्हणालं दुल्हन की सवारी है. त्रिवेणीबाईंना इतकं हसू येत होतं की पायडल सुटतील असं वाटत होतं, पण पंखा थांबवायचा नाही हे पक्कं डोक्यात होतं, म्हणून त्या हसत हसत मारतच राहिल्या.

करीमभाईंनी सौदा झाला असं समजून हात पुढे केला. त्रिवेणीबाई सीटवरूनच नको म्हणाल्या. त्यांनी एकनाथरावांना खिशातला पांढरा रुमाल काढून सोंडेच्या तोंडासमोर धरायला सांगितला. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरी तांब्याचा बंब होता. एकदा त्याच्या मधल्या नळीला चीर गेली आणि महिनाभर सगळं घर धुरकट पाण्याने अंघोळ करत होतं. कुणाच्या लक्षात येईना, शेवटी थोरल्या जावेच्या पांढऱ्या साडीवर काजळीचे ठिपके दिसले. आतला ड्रम असाच चिरला असेल, तर धूर गरम हवेत मिसळून गॅरेजात येणार. मग शेगडी काय वाईट होती?

पाच मिनिटांनी रुमाल बघितला. मधोमध करडा डाग.

करीमभाईंचं तोंड उतरलं. मग त्यांनी बाह्या सरसावल्या. आग विझवली, ड्रम निवेस्तोवर त्रिवेणीबाईंनी पायडल मारले, मग मागची झाकणी काढून करीमभाई अर्धे आत शिरले. चीर सापडली, वीतभर, जोडाच्या जागी. चार दुकानं सोडून वेल्डिंगवाला होता, तो आला. दीड तास गेला. तेवढ्यात कुणीतरी इराणी चहा आणून दिला आणि गर्दी पांगली नाही, कारण आता सगळ्यांनाच रुमालाचं काय होतं ते बघायचं होतं. दुसऱ्या वेळी एकनाथरावांनी पूर्ण पंधरा मिनिटं रुमाल धरला, हात भरून आला तरी. मग तो उघडून त्यांनी सगळ्यांना दाखवला. घरातून निघताना होता तसा पांढरा. बाजाराने टाळ्या वाजवल्या आणि करीमभाईंनी त्रिवेणीबाईंना सलाम केला.

"लेना तो ऐसा लेना," ते गर्दीला म्हणाले.

यंत्राला चाकं होती म्हणून ते एका टेम्पोच्या मागे बांधलं आणि दोघं टेम्पोत मागे तोंड करून, त्यावर नजर ठेवत बसले. सुलतान बाजारातून टेम्पो मुंगीच्या पावलाने चालला होता आणि दर दहा पावलांवर लोक विचारत होते, हे काय. एकनाथरावांनी तीस वर्षांत बायकोसमोर एकही थाप मारली नव्हती. त्या दिवशी पहिल्या माणसाला त्यांनी आइस्क्रीमचं यंत्र सांगितलं, दुसऱ्याला निजामाची तोफ, आणि चादरघाटच्या पुलावर एका पोलिसाला गंभीरपणे सांगितलं की ढग बनवतात यात. त्रिवेणीबाई पोट धरून खाली वाकल्या. पोलिसाने टेम्पोवाल्याला जपून ने असं बजावलं.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता यंत्र अंगणात, गॅरेजच्या भिंतीपासून चांगलं दहा फूट दूर उभं होतं. सोंड खिडकीतून आत. वरचा झरोका एकनाथरावांनी मुद्दाम उघडा ठेवला, वास बाहेर जावा म्हणून. त्रिवेणीबाईंनी पायडल मारायला सुरुवात केली, मग बर्नर पेटला. साडेसातला खोली एप्रिलसारखी झाली. आठला आग विझवली, ड्रम निवला, सोंड काढली आणि मगच रेझिनचं पिंप उघडलं. दगडी भिंती तापल्या होत्या, त्यांनी ऊब धरून ठेवली. दुपारी बाराला त्रिवेणीबाईंनी पाकळीला बोट लावलं. मग नख मारलं. टणटण वाजलं. त्यांनी नवऱ्याला ते तीनदा वाजवून दाखवलं.

रोज जेमतेम एक पाकळी व्हायची तिथे आठ व्हायला लागल्या. दहा जानेवारीला शहाण्णवावी पाकळी साच्यातून सुटली. कुलदीप बघायला आला, तर काकू सायकलवरून हसत होत्या आणि काका घामाघूम. त्याला वाटलं, थाळ्यांचं काम झेपलं नाही आणि दोघांचं डोकं फिरलं. मग त्याने पाकळ्या मोजल्या आणि पुन्हा मोजल्या.

माल पाठवण्याआधी एक थाळी जोडून बघायची, असं ठरलं. अंगणात आठ पाकळ्या बोल्टांनी आवळल्या. कुलदीपने तार ओढून घरमालकाचा टीव्ही पायरीवर आणला आणि थाळी कधी या अंगाला, कधी त्या अंगाला फिरवू लागला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग एकदम चित्र आलं, स्वच्छ, जणू काचेपलीकडे कुणी उभं आहे. कुठल्यातरी दूर देशात मुली व्हॉलीबॉल खेळत होत्या. एक संघ निळा, एक पिवळा. बोलणारा माणूस कुठली भाषा बोलत होता ते गल्लीत कुणालाच कळेना. तरी पाच मिनिटांत अंगण भरलं. घरमालकाने निळ्यांची बाजू घेतली, त्याच्यामागून अर्धं अंगण निळं झालं.

त्रिवेणीबाईंना पिवळ्या संघातली एक उंच, नाकेली पोरगी आवडली. तिचं नाव कळण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी तिला सुमन म्हणायला सुरुवात केली. सुमनने चेंडू मारला की त्या उभ्या राहायच्या. पिवळे तिसरा डाव हरले, चौथा जिंकले, दोन-दोन अशी बरोबरी झाली, आणि एकनाथराव म्हणाले जेवायला वाढ आता, दोन वाजले.

"पाचवा डाव होऊ द्या," त्रिवेणीबाई म्हणाल्या आणि पदर खोचून आणखी पुढे सरकून बसल्या.