तिसरा पेड

मी गंगावन बोलतेय. व्याकरणात ‘ते गंगावन’ म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण आधी मी एका मुलीच्या डोक्यावर होते, तेव्हा ‘बोलतेय’च म्हणणार.

ती घरातली थोरली. आजारपणात केसांचा गुंता होऊ लागला, तेव्हा आईने मानेपाशी मला कापून घेतलं आणि वरच्या टोकाला काळा दोरा करकचून बांधला. “बरी झालीस की पुन्हा वाढतील गं,” ती म्हणाली. थोरली काही बरी झाली नाही. मी जुन्या ओढणीत गुंडाळलेली, पत्र्याच्या पेटीत पडून राहिले.

दोन वर्षांनी पेटी उघडली ती धाकटीपायी. तिचे केस खांद्याखाली उतरायलाच तयार नव्हते. टोकं फुटायची आणि तुटायची. पार्लरवाल्या बाईंनी आईला सांगितलं, “मोकळे सोडू नका. सैल वेणी घाला, मुळाशी ताण नको, टोकं गंगावनात झाकून टाका. केस वाढतातच हो, ते राखता आले पाहिजेत.”

तेव्हापासून रोज सकाळी खिडकीपाशी तिपेडी वेणी. दोन पेड धाकटीचे, तिसरा मी. तिची टोकं मी पोटाशी घेतली. उन्हाला, वाऱ्याला, दप्तराच्या पट्ट्याला लागू दिली नाहीत. बहीणच ना मी तिची! वर्षभरात तिचे केस चांगले वीतभर वाढले.

मी दोन विती वाढले.

आईच्या ते लक्षात आलं. तिचा तेलाचा हात माझ्यावर जरा जास्तच फिरू लागला.

“आई, ती ओढते गं मला,” धाकटी कुरकुरायची.

“कोण ती?”

“वेणी.”

“वेणीला काय हात असतात? सरळ बस बघू.”

खरं सांगते, मी ओढत होते. डोक्याची ऊब पुन्हा मिळाली आणि मला हाव सुटली.

मग एका सकाळी आईची जीभ घसरली. “थोरले, मान खाली घाल.”

“ओ,” असं उत्तर आलं. धाकटीने तेव्हा रिबन दातांत घट्ट धरली होती; ओ दिली ती मी.

मला वाटलं, आई घाबरेल. ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. त्या दिवसापासून तिने मला वेणीतून सोडवणंच बंद केलं. हाकही त्याच नावाने, आधी चुकून, नंतर रोज.

आज दुपारी धाकटी कात्री घेऊन आरशासमोर उभी आहे. तो काळा दोरा ती चाचपून शोधतेय, म्हणजे नेमकं मलाच कापता येईल. दोरा कधीच कुजून गळाला. तिचं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं, हे आता मलाही सांगता येत नाही.

धाकटे, हाताला लागेल तिथे काप. तुझे थोडे गेले तर जाऊ देत, ते पुन्हा वाढतील. मला भीती वाटतेय गं, माझीच.

“थोरले, झालं का?” स्वयंपाकघरातून आईची हाक आली.

मी मुद्दाम गप्प राहिले.

“ओ, आले,” धाकटी म्हणाली, आणि तिने कात्री खणात ठेवून दिली.