कुंपणावरची खाजकुइली

त्या रविवारी आई नेहमीसारखीच परसातल्या बुटक्या भिंतीला टेकून शेजारच्या शिवणवालीला झापत होती.

"भवाने, शेंगा हिरव्या आहेत तोवर काप म्हणून किती दिवस घसा कोरडा करायचा मी?"

"खाजकुइली उगवली तुमच्या परसात, मावशी. मी का कापू?"

"मूळ माझ्याकडे, पण शेंगा तुझ्या कपड्यांच्या दोरीवर लोंबतायत ना? वाळल्या की कुसं उडतील, गिऱ्हाइकाच्या झग्यात शिरतील. समारंभाला निघालेली बाई नाचत येईल तुझ्या दारात."

"येऊ दे. तेवढीच दुकानाची जाहिरात."

दोघी खो खो हसल्या. मग बोलणं गटाराच्या तुटक्या झाकणावर गेलं, तिथून कोपऱ्यावरच्या बंद दिव्यावर, तिथून बेकरीवाल्याच्या पहाटेपासून घरघरणाऱ्या यंत्रावर. पुन्हा फिरून वेलीवर.

लेक मागच्या दारात खुर्चीवर बसली होती. हातात चहा, समोर बिस्किटांची बशी. दर पंधरा दिवसांनी दोन तास बसमध्ये काढून ती येई आणि दर वेळी तिला हीच खुर्ची मिळे. ग्रंथालयात तिच्या हाताखाली चार माणसं होती. इथं तिला कपसुद्धा विसळू देत नसत.

"मी कापते वेल," ती म्हणाली.

"तू कशाला? दोन घटका आलीस, बस निवांत." आई गोड बोलली आणि त्याच दमात भिंतीकडे वळली. "उद्या सकाळी कात्री घेऊन ये गं. उशीर केलास तर बघ."

लेकीच्या पोटात दुखलं. शिक्षणासाठी घर सोडल्यापासून आईनं तिला एकदाही दरडावलं नव्हतं. मैत्रिणींना याचं कोण कौतुक. तिनं मात्र ते 'बघ' ऐकून चहा बाजूला ठेवला.

"बिस्किट घे ना," आई म्हणाली.

पाचच्या बसनं ती गेली.

सोमवारी सकाळी शिवणवाली कात्री घेऊन आली, तेव्हा आई मागच्या पायरीवर चौकटीला डोकं टेकून बसली होती. डुलकी लागलीय असं वाटून तिनं आधी हळूच हाक मारली, मग मोठ्यानं. आईचे अर्धवट उघडे डोळे शिवणवालीनंच मिटवले, लेकीला फोनही तिनंच केला. पुढच्या दिवसांत भेटायला येणारी माणसं आधी शिवणवालीच्या खांद्यावर हात ठेवत, आणि मग मुलगी कोणती ते विचारत.

तीन आठवड्यांनी लेक घर आवरायला आली. कपाट उघडायचा धीर होईना, म्हणून परसात गेली. वेल तशीच होती. शेंगा वाळून तपकिरी झाल्या होत्या, मखमलीसारख्या. आईनं सांगितलेलं आणि शिवणवालीच्या हातून राहून गेलेलं हे एकच काम. आता ते तिचं होतं.

आईनं तीस वर्षं छापखान्यात पुस्तकं बांधली होती. त्या कामाची जड कात्री लेकीनं घेतली, बाह्या वर सारल्या आणि उघड्या हातांनी सुरुवात केली. दोन शेंगा पडल्या. तिसरीला वारा आला.

मनगटं, गळा, मान, सगळीकडे आग पेटली. ती खाजवत नळाकडे धावली.

"अगं भवाने, पाणी नको! चोळू नको!"

शिवणवाली स्टुलावर चढून भिंत ओलांडत होती. ती तडक घरात शिरली आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतून रुंद चिकटपट्टी घेऊन आली. पलंगाखाली पेटी आहे हे लेकीला ठाऊकच नव्हतं. या आगीतही तिला ते झोंबलं.

"खाली बस. हात पुढे कर." शिवणवाली पट्टी मनगटावर दाबायची आणि सर्रकन ओढायची. दर पट्टीला बारीक सोनेरी कुसं चिकटून येत. "एवढं ग्रंथालय सांभाळतेस, मग डोकं कुठं ठेवलं होतंस? वाळलेल्या शेंगांना कुणी हात लावतं? मान वळव." मग तिचा हात थांबला. "चुकून बोलले हं, ताई. मावशींचं ऐकून ऐकून जीभ तशीच झालीय."

"बोला," लेक म्हणाली. मान तिनं वळवली नव्हती. "फार जळायचे मी तुमच्यावर. तुम्हाला ती भवाने म्हणायची आणि मला बिस्किटं द्यायची."

पट्टी शिवणवालीच्या बोटांना चिकटून राहिली.

लेक मागच्या दारातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

"आई, मी पाहुणी नव्हते गं," ती मोठ्यानं म्हणाली. "मला कामाला लावायचं होतंस."