डोक्यावर वारा, पायाशी मासळी

मी एक जुनी पवनचक्की आहे. पण मित्रांनो, डोंगरावरची नव्हे, भर समुद्रातली! कारखान्यात माझा लोखंडी खांब घडला, लांबलचक पाती साच्यातून निघाली आणि एका मोठ्या जहाजाने मला भावंडांसोबत इथे आणून उभं केलं. वारा देवाचा, वीज माझी! किनाऱ्यावरची शाळा, दवाखाना, मासळीसाठी बर्फ करणारा कारखाना, सगळीकडे माझाच उजेड. अभिमान वाटणारच ना?

पण एका होडीवाल्या बाबांनी माझ्यावर डूख धरला होता. वल्हं पाण्यात घालायचं, दांड्याला कान लावायचा आणि मासळीची चाहूल घ्यायची, ही त्यांची पिढीजात रीत. दुरून त्यांना माझी घरघर तेवढी ऐकू यायची. "या भवानीने समुद्र बहिरा केला!" असं ते म्हणत. आम्हा चक्क्यांमधून होड्यांना वाट सोडलेली होती, तरी ते लांबच जाळी टाकत आणि रिकाम्या हाताने परतत. शेवटी होडी विकायचं ठरलं.

त्यांची लेक मात्र माझीच मेकॅनिक! एका दुपारी ती माझ्यावर काम करत असताना तिला न्यायला येणारी बोट बंद पडली. वारा वाढू लागला. बाबाच होडी घेऊन आले.

"चक्कीचं तोंड पाहणार नव्हता ना?" लेक शिडीवरून ओरडली.

"तुझं पाहायला आलोय. उतर, गधडे!"

ती उतरेपर्यंत बाबांनी सवयीने वल्ह्याला कान लावला आणि हात वर करून तिला थांबवलं. माझ्या पायाला शिंपले चिकटले होते. त्यांच्यापाशी लहान मासे, लहानांमागे मोठे.

"बाबा, काय झालं?"

"शू! इथे तर बाजार भरलाय."

तंबोऱ्याने कधी भजन बुडतं का, मित्रांनो? जवळ बसलं की दोन्ही ऐकू येतात.

होडी राहिली. आता बाबा या वाटेवर गळ टाकतात, कामगारांची ने-आण करतात. बाबांच्या शेजारणींनी आम्हा चक्क्यांच्या मधल्या पाण्यात दोर सोडून शिंपल्यांची शेती मांडली आहे.

माझे सांधे आता कुरकुरतात. मोठेपणी तुम्ही समुद्रात काही उभाराल, तेव्हा होड्यांची वाट आधी आखा, खांब मग रोवा. आणि आम्हा म्हाताऱ्यांना तेलपाणी करत जा.

परवा एक नवखा होडीवाला मला पाहून नाक मुरडत होता. बाबा कडाडले, "नीट बघ! मला दोन लेकी. ही जरा उंच निघाली, एवढंच."