सोमवारची पिवळी गोळी

मित्रांनो, सिरसाळ्याच्या जगदेवीबाईंची दवाखान्याची फाईल ती मीच. निळ्या प्लास्टिकची, एका बटणाची. ते बटण कधीच तुटले, आता मला रबर लावून ठेवतात. अंगावर चरे पडले आहेत आणि पोट कागदांनी फुगले आहे. माझ्यासारख्या फाईलकडे सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. पण याच कागदांमधल्या एका अक्षरावर एका बाईचा जीव टांगला गेला होता, आणि तेव्हा मी तिथेच होते.

कारखान्यातून मी आले तेव्हा आम्ही शंभर बहिणी एका खोक्यात होतो. बीडच्या बसस्टँडजवळच्या दुकानात माझी विक्री झाली. घेणारे होते बसप्पा. सिरसाळ्यात त्यांचे किराणा दुकान आहे. जगदेवीबाई त्यांच्या पत्नी. सकाळी उठल्यावर त्यांची बोटे वळत नसत, मनगटे सुजत, भाकरी थापताना डोळ्यांत पाणी येई. म्हणून ही दोघे बीडला आली होती.

डॉक्टरांनी तपासले, रक्त काढायला लावले आणि संधिवाताचे निदान केले. मग त्यांनी माझ्यातला पहिला कागद लिहिला. एका पिवळ्या बारक्या गोळीवर त्यांचे पेन थांबले.

"बाई, ही गोळी नीट ध्यानात घ्या. आठवड्यातून एकदाच. रोज घ्यायची नाही. एक वार ठरवून टाका."

"सोमवार," जगदेवीबाई लगेच म्हणाल्या. "शंभूचा वार हाय. इसरायची न्हाई."

डॉक्टर हसले. गोळीच्या नावापुढे त्यांनी इंग्रजीत दोनच अक्षरे लिहिली. ओ आणि डब्ल्यू. आठवड्यातून एकदा.

हळूहळू मला ती दवाखान्याची भाषा समजू लागली. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. एचएस म्हणजे झोपताना, आणि एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. ज्यांच्यासमोर रोज शंभर माणसे बसतात, त्या डॉक्टरांचा या अक्षरांनी वेळ वाचतो. पण कागद घरी आला की ती अक्षरे सांगणारे तिथे कोणी नसते.

चार वर्षे माझे दिवस फार चांगले गेले. जगदेवीबाई तारखेप्रमाणे कागद लावत. एसटीत मला पिशवीत न ठेवता मांडीवर धरून बसत. "तुमची फाईल पाहिली की माझं अर्धं काम होतं," असे डॉक्टर म्हणाले तेव्हा परतीच्या वाटेवर त्यांनी ते बसप्पांना तीनदा सांगितले. बोटे वळू लागली. भाकऱ्या पुन्हा टम्म फुगू लागल्या. पिवळी गोळी त्या स्वतःच्या हाताने दर सोमवारी घेत. त्याबद्दल घरात त्या कुणाला कधी काही बोलल्या नाहीत.

पुढे मोबाईल आला. चिठ्ठीचा फोटो काढून मेडिकलला पाठवला की काम होऊ लागले. मी कपाटावर गेले. माझ्यावर दिवाळीच्या माळांचे खोके आले आणि धूळ आली.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी जगदेवीबाईंच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्यावर पट्टी आली. आधीच्या गोळ्यांत डोळ्याच्या गोळ्यांची भर पडली. सगळे औषधपाणी सून कावेरीकडे आले. कावेरी बीए झालेली, कामाला चोख. तिने मला खाली काढले, पदराने पुसले आणि वही घेऊन बसली. अक्षरांशी अडली तेव्हा तिने मेडिकलवाल्या परमेश्वरला फोन लावला.

"भाऊ, ओडी म्हंजे काय?"

"वैनी, रोज एकदा. बीडी म्हंजे दोनदा."

पलीकडे बसलेले बसप्पा दचकले. "बीडी? डाक्टरनं हिला बिडी वढायला सांगितली व्हय?"

सगळे हसले. कावेरीही हसली आणि भराभर लिहू लागली. रोज एक, रोज दोन, रोज एक. मग तिचे बोट त्या पिवळ्या गोळीच्या ओळीवर आले. कागदाची घडी नेमकी दुसऱ्या अक्षरावरून गेली होती. शाई विरली होती. ओ ठसठशीत दिसत होता, पुढे नुसते ओरखडे. फोन हातात होता. फक्त एकदा विचारायचे होते. पण वरच्या ओळीत ओडी होते, खालच्या ओळीतही ओडी होते. तिने लिहिले, 'रोज एक'.

मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असते तर!

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. तळहातावरच्या गोळ्या चाचपत जगदेवीबाईंनी विचारले, "बारकी तर येकच आसती. आज दोन कावून गं?"

"डोळ्याची आसंल त्यातली एक, आत्या," कावेरी म्हणाली. तिला तसेच वाटत होते. पण खात्री तिने केली नव्हती.

मी आता गोळ्यांच्या ताटलीशेजारी फळीवर होते. बुधवार गेला, गुरुवार गेला. दहा गोळ्यांची जी पट्टी दहा आठवडे पुरायची, ती माझ्या डोळ्यांदेखत रोज एक घर रिकामी होत होती.

सातव्या दिवशी जगदेवीबाईंचे तोंड आले. जिभेवर, ओठांच्या आत फोड उठले. दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा त्यांना गिळवेना. उन्हाने झाले असेल, असे घरात सगळे म्हणाले. बसप्पांनी तोंडात लावायचे औषध आणले. गोळी गिळता येत नाही म्हणून कावेरी ती कुटून मधात कालवू लागली. किती मायेने ती ते चाटण भरवत होती! एकही गोळी चुकू नये म्हणून ती किती जपत होती! मी पाहत होते आणि माझ्या पोटात ते अक्षर तसेच मुके पडून होते.

दहाव्या दिवशी सकाळी जगदेवीबाईंचे अंग तव्यासारखे तापले. दंडावर काळेनिळे डाग दिसले. हाक मारली तर त्या नुसत्या पाहत. मुलगा संगमेशने गाडी दाराशी लावली, बसप्पा पुढे बसले, आणि निघता निघता कावेरीने मला काखोटीला मारले.

परळीच्या दवाखान्याचा रस्ता. पुढे उसाचे ट्रॅक्टर, गाडी पळता पळेना. सासूचे डोके खांद्यावर घेऊन कावेरी एका हाताने माझे कागद चाळू लागली. दवाखान्यात विचारतील, तयार असावे, एवढाच तिचा हेतू. जुने कागद एकेक वर येऊ लागले. त्यातल्या एकावर डब्ल्यू स्वच्छ दिसत होता. ती थबकली. त्याखालचा कागद दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेला होता, आणि त्यांनी अक्षरे न वापरता सरळ शब्द लिहिले होते. वन्स अ वीक.

ती ओळ तिने तीनदा वाचली.

खिडकी उघडी होती. बाहेर वारा होता. दोन कागद हातातून सुटले असते तर कुणाला काही कळले नसते. तिची बोटे त्या कागदांवर घट्ट आवळलेली होती, आणि मित्रांनो, खरे सांगते, ती काय करील हे मला समजत नव्हते.

"आहो," ती म्हणाली, "गाडी थांबवू नका. चालवता चालवताच ऐका. आत्यांची एक गोळी आठवड्याची होती. मी ती रोज दिली."

बसप्पा मागे वळले. "किती रोज?"

"नऊ."

"नऊ रोज तू हिला..." ते पुन्हा रस्त्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "दवाखान्यात बोलू नको. केस करतील. ताप हाय म्हणून सांगू."

"मामा, आपण सांगितलं न्हाई तर त्यायला कसं कळंल?" कावेरी म्हणाली. "मला काय व्हायचं ते होऊ द्या."

संगमेशने हॉर्नवर हात दाबून धरला आणि दोन ट्रॅक्टरांच्या मधून गाडी काढली.

दवाखान्यात शिरताच कावेरीने मला तिथल्या सुनिता सिस्टरांपुढे उघडे ठेवले आणि एका दमात सगळे सांगितले. सिस्टर धावत गेल्या. डॉक्टर आले. त्यांनी कागद पाहिला, काळेनिळे डाग पाहिले आणि एवढेच विचारले, "शेवटची गोळी कधी दिली?"

"काल सकाळी."

"सांगितलंत ते फार बरं केलंत. नाहीतर आम्ही तापाचं कारण शोधत बसलो असतो."

रक्त गेले, सलाईन लागले, त्या गोळीचा परिणाम मोडणारे इंजेक्शन सुरू झाले. खाटेच्या पायथ्याशी नवा कागद लटकला. त्यावर एनबीएम असे लिहिलेले पाहून बसप्पा घाबरून सिस्टरांकडे गेले. "हे काय वाईट लिवलंय का, ताई?"

"नाही हो बाबा. तोंडाने काही द्यायचं नाही, एवढंच."

रक्तातल्या पांढऱ्या पेशी हजाराच्याही खाली गेल्या होत्या. निदान चार हजार हव्यात, असे सिस्टर म्हणाल्या. पहिल्या दिवशी आकडा हलला नाही. दुसऱ्या दिवशी आणखी उतरला. तीन दिवस बसप्पा सुनेशी एक शब्द बोलले नाहीत. ती दाराबाहेर फरशीवर बसून राही, मला छातीशी धरून.

चौथ्या दिवशी आकडा चढला. पाचव्या दिवशी दुप्पट झाला. सातव्या दिवशी जगदेवीबाईंनी दोन घोट पेज घेतली आणि कावेरीला जवळ बोलावले. ओठ अजून सोललेले होते.

"मीबी कुणाला सांगितलं नव्हतं," त्या सावकाश म्हणाल्या. "सोमवार माझ्यापाशीच ठिवला. तुला कसं कळावं?" मग त्या बसप्पांकडे वळल्या. "तिला बोला आता. आन् पोरीला कायतरी खाऊ घाला."

बसप्पांनी पिशवीतले केळे सोलून सुनेपुढे धरले.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून पुढे सरकवली. कावेरी उठली नाही.

"साहेब, येकेक वळ वाचून दाखवा. मी मराठीत लिवून घेते."

"मेडिकलवाला सांगेल की. बाहेर रांग आहे."

"रांग हाय, मला दिसतंय. पण मी न्हाई उठणार."

दारातली माणसे कुरकुरली. डॉक्टरांनी घड्याळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. प्रत्येक गोळीपुढे कावेरीने सकाळ, दुपार, जेवणाआधी, जेवणानंतर असे लिहिले. मग ते सगळे तिने डॉक्टरांना वाचून दाखवले. एक चूक निघाली. ती त्यांनी दुरुस्त केली.

ती बाहेर आली तेव्हा बाकावरच्या छबुबाई नावाच्या म्हातारीने तिचा पदर ओढला. "पोरी, तुला वाचता येतंय जणू. माझंबी बघ की."

कावेरीने त्यांचा कागद घेतला. दोन ओळी सांगितल्या. तिसरीवर थांबली. अक्षर ओळखीचे वाटत होते, अंदाजही बांधता आला असता.

"हे मला येत न्हाई, आजी," ती म्हणाली. "चला, आत जाऊन इचारू."

मित्रांनो, आम्ही फाईली कागद जपतो, पण बोलू शकत नाही. म्हणून आम्हाला कपाटावर टाकू नका. उघडा, वाचा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा. जे अक्षर लागत नाही तिथे बोट ठेवा आणि विचारा. समोरचा कंटाळला तरी विचारा. त्या दिवशी छबुबाईंचा हात धरून कावेरी पुन्हा त्याच दारात उभी राहिली, तेव्हा रांगेतले एकही माणूस कुरकुरले नाही.