वरची डावी दाढ

माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. आई दात बनवते, म्हणजे बनवायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी भानगड यातूनच झाली.

बाबांच्या कंपनीने आमच्याकडची शाखा बंद करायचं ठरवलं आणि त्यांना कळवलं, तीन शहरांत जागा आहेत, हवी ती निवडा. कुणालाही वाटेल, काय नशीब! पण आमच्या याआधी दोन बदल्या झाल्या होत्या आणि दोन्ही वेळा आम्ही तोंडावर आपटलो होतो. पहिलं घर आम्ही रविवारी पाहिलं. काय ती शांतता! सोमवारी सकाळी खालचा पत्रे कापायचा कारखाना सुरू झाला. दुसऱ्या शहरात माझी शाळा एका टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला, आणि मधे नदी.

तेव्हापासून बाबांनी नियम केला. शहर निवडायचं तर आधी तिथं रंगीत तालीम करायची. भाड्याने खोली घ्यायची आणि कामाचा एक साधा दिवस खराखुरा जगून बघायचा. बाबा गणवेश चढवून, हत्यारांची पेटी उचलून, नसलेल्या नोकरीवर जाणार आणि संध्याकाळी दमून परत येणार. मी दप्तर घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत चालत जाणार, फाटकाला हात लावणार आणि परत फिरणार. आई दूध आणणार, कपडे धुणार, भुंग्याला सांभाळणार. भुंगा म्हणजे माझी धाकटी बहीण. तीन वर्षांची आहे आणि झोपेतसुद्धा गुणगुणते.

"पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही," बाबा म्हणायचे.

"पण आपण तर काठावर टॉवेल गुंडाळून बसतोय," मी म्हटलं. हल्ली मी अशी बोलते. या वर्षी मी तलावाच्या सगळ्यात उंच फळीवरून सूर मारला आणि तेव्हापासून कशाचं काही वाटेनासं झालंय. मैत्रिणी म्हणतात, मी डोक्यावर बसलेय. बसले असेन. वरून छान दिसतं.

पहिलं शहर लगेच बाद झालं. तिथं प्रत्येक रस्ता चढाचा होता. भुंग्याची ढकलगाडी ढकलताना बाबांची जीभ बाहेर आली.

दुसरं शहर मात्र सगळ्यांना आवडलं. शाळेपर्यंत झाडांची सावली होती, शाळेमागे तलाव होता आणि तलावाला माझ्यासाठी फळीही होती. बाबा तर एका दहा मजली इमारतीच्या लिफ्टच्या प्रेमातच पडले. ती त्यांनी पाच वेळा खालीवर केली. "काय थांबते बघ! कळतसुद्धा नाही थांबली ते!" एक आजोबा भाजीची पिशवी घेऊन खाली ताटकळत उभे होते, त्यांना मात्र चांगलंच कळत होतं.

संध्याकाळी खोलीवर बाबांनी नेहमीप्रमाणे प्रत्येकाला विचारलं, दिवस कसा गेला. मी माझा सांगितला, त्यांनी त्यांचा सांगितला. भुंगा गुणगुणली.

"आणि तुझा?" बाबांनी आईला विचारलं.

"माझा? पहिल्या शहरात गेला तसाच," आई कपडे घडी करत म्हणाली. "तिथं दूध, कपडे, भुंगा. इथं दूध, कपडे, भुंगा. माझ्यासाठी उगाच तिकिटं काढलीस. घरी बसूनही तालीम झाली असती."

बाबा हसले, मीही हसले. आई हसली नाही, तेव्हा आम्ही थांबलो.

"तिसऱ्या शहरात दातांची लॅब आहे," ती म्हणाली. "माणूस शोधतायत ते. तिथल्या तालमीत मला काम हवंय."

"अगं, तिथल्या लिफ्ट माझ्यापेक्षा म्हाताऱ्या आहेत!"

"तुझ्यापेक्षा म्हातारं काही असेल तर बघायलाच हवं."

इथं थोडं आईबद्दल सांगते. दातांचे डॉक्टर फक्त मापं घेतात. टोप्या, दाढा, कवळ्या लॅबमध्ये बसून दुसरंच कुणीतरी करत असतं. आई ते करायची. पहिल्या बदलीत तिची लॅब सुटली, दुसऱ्या शहरात लॅबच नव्हती, मग भुंगा झाली. हाताची सवय जाऊ नये म्हणून आई घरी साबणाचे दात कोरायची. आमच्याकडे साबणाची वडी आठवडाभरही वडी राहत नाही. बाबा चिडवायचे, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात." आई म्हणायची, "माझं भरायचं." मला तो रोजचा विनोद वाटायचा. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "आणखी एक शहर असंच गेलं, तर मी परत लॅबच्या टेबलाशी बसणार नाही. बसवणारच नाही कुणी." हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, दूध संपलंय म्हणून सांगावं तसं.

तिसऱ्या शहरात आई सगळ्यांच्या आधी निघाली. केस घट्ट बांधलेले, खांद्याला कोरण्यांची गुंडाळी. बाबांना बारा वाजता तिथल्या शाखेच्या साहेबांना भेटायचं होतं. त्याआधी आई परत येणार आणि भुंग्याला घेणार, असं ठरलं होतं.

मी शाळेच्या फाटकाला हात लावून बाजाराच्या रस्त्याने परत येत होते. चष्म्याचं दुकान, कुलपांचं दुकान, आणि त्यांच्यामधे एक अरुंद दार. दारासमोर आई उभी. पाटी वाचत होती. पाटीवर दोनच शब्द होते आणि तिचं वाचन काही संपत नव्हतं.

"आत नाही गेलीस?"

"जातेय ना."

"कधी?"

"तू तुझी शाळा बघ."

"बघून आले. फाटक हिरवं आहे," मी म्हटलं आणि दार ढकललं. आत पांढऱ्या डगल्यातल्या एक बाई होत्या, कपाळावर भिंग चढवलेलं. "नमस्कार," मी म्हटलं, "ही माझी आई. दात बनवते."

आईने मागून माझा दंड असा काही चिमटला की बास.

भिंगवाल्या बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "किती वर्षं झाली सोडून?"

"सहा."

"बसा. वरची डावी पहिली दाढ. मेणात."

लांब टेबल होतं, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले. आईने स्पिरिटचा दिवा पेटवला, पातं गरम केलं, मेणाचा ठोकळा बोटांत फिरवला. मग तिच्यासाठी आम्ही दोघी तिथं नव्हतोच. मेणाच्या बारीक साली तिच्या मांडीवर पडत होत्या. मी तिला इतकी गप्प आणि इतकी खूश कधी पाहिली नव्हती.

दाढ तयार झाली. बाईंनी भिंग डोळ्यावर ओढलं.

"उंचवटे जागच्या जागी. खाचा काय सुरेख आल्यात! हात गेलेला नाही तुमचा." त्यांनी दाढ परत आईसमोर ठेवली. "फक्त ही उजवी आहे."

आईने दाढ उचलली. उलटी केली, सुलटी केली. तिचा चेहरा प्लास्टरच्या रंगाचा झाला.

"घरी मी आरशात बघून करायचे," ती हळू म्हणाली. "स्वतःचं तोंड उघडून. माझी डावी बघत होते, पण आरशात ती उजवीसारखी दिसते. सहा वर्षं तीच बसलीय हातात."

"नवऱ्याचं तोंड नव्हतं का घरात?"

"ते दोन मिनिटं स्थिर राहत नाही."

बाई अशा हसल्या की भिंग खाली नाकावर आलं. पण हसू आवरून त्या म्हणाल्या, "पुन्हा करा. मी हसले, पण ज्याच्या तोंडात जाईल तो हसणार नाही. डावी जमली तर पुढच्या महिन्यापासून या. नाही जमली तर चहा घेऊन जा."

आईने नवा ठोकळा घेतला. पातं टेकवलं आणि थांबली. पुन्हा टेकवलं आणि पुन्हा थांबली. हात आपोआप उजवीकडेच वळत असणार. मग ती माझ्याकडे वळली.

"आ कर."

"काय?"

"तोंड उघड. मोठं. मान मागे."

मी आ केला. आई वाकून माझ्या दाढेकडे बघत राहिली, मग मेणाकडे, परत माझ्याकडे. नेमका तेव्हाच आईचा फोन वाजला. कामाला बसताना तिनं तो माझ्याकडे दिला होता. मी उचलला. बाबा.

"कुठे आहात दोघी? बारा वाजत आले!"

"आ," मी म्हटलं.

"काय झालं? कोण रडतंय?"

"आ, आ!"

"मिटू नकोस!" आई ओरडली. हे बाबांनाही ऐकू गेलं असणार, कारण ते आणखीच जोरात बोलायला लागले. भिंगवाल्या बाईंनी शांतपणे माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"बोला," त्या म्हणाल्या. "नाही, त्या आत्ता येऊ शकत नाहीत. कामावर आहेत. काही निरोप?"

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. मग बाबा म्हणाले, निरोप काही नाही.

दाढ पूर्ण झाली तेव्हा माझा जबडा बधिर झाला होता. बाईंनी ती एका प्लास्टरच्या जबड्यात मोकळ्या जागेवर बसवली, खालचा जबडा वर आणला आणि दोन्ही मिटले. टक् असा छोटा आवाज आला. कुठे फट नव्हती.

"बसली," त्या म्हणाल्या.

खोलीवर आलो तर बाबा आधीच येऊन बसले होते. ते भुंग्याला काखेत घेऊन साहेबांना भेटून आले होते. भुंग्याने तिथल्या लिफ्टमधली धोक्याची घंटा दाबून धरली आणि अख्खं ऑफिस जिन्यात जमा झालं.

"साहेब म्हणाले, तुमच्यासारख्याने दुसरं शहर घ्यावं. इथं रोज हात काळे होतील," बाबा म्हणाले. "मलाही तेच वाटतं. चला, मतं घेऊ."

"मतं कसली?" आई चपला काढत म्हणाली. "मी इथं कामाला लागलेय. तुम्ही तिघांनी कुठं राहायचं ते तुम्ही बघा."

इतकं सरळ वाक्य आमच्या घरात याआधी कुणी बोललं नव्हतं. भुंग्याचंसुद्धा गुणगुणणं थांबलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं मला काय हवंय.

"इथल्या तलावात सूर मारायला बंदी आहे," मी म्हटलं. "येताना पाटी पाहिली."

"मीही पाहिली," आई म्हणाली. "वाईट वाटलं मला." पण याच्या पुढे ती काही बोलली नाही. समजूत घातली नाही की दुसरं काही देऊ केलं नाही.

"मग मी इथंच," मी म्हटलं. का, ते बाबांनी विचारलं, पण जबडा इतका दुखत होता की भाषण करणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा खिडकीशी उभे राहून कंपनीशी बोलत होते. मी भुंग्याची वेणी घालत होते. आई पलंगावर बसून नखांतलं मेण काढत होती.

"तिसरं शहर लिहा," बाबा म्हणाले. "हो, कळलंय. लिफ्ट जुन्या आहेत. दोन तर अजून साखळीवर चालणाऱ्या आहेत, बघून आलोय." मग ते ऐकत राहिले. पलीकडचा माणूस कारण विचारत असावा, कारण बाबांनी मान खाजवली, आईकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं.

"कारण लिहा," ते म्हणाले, "बायकोची बदली झाली."