उलटं छापलेलं विमान

दादाचा फोटो स्टुडिओ होता, आणि चाळीस वर्षं लोकांचे फोटो काढून त्याचा लोकांवरचा विश्वास पार उडाला होता. दुसऱ्याच्या गाडीला टेकून मालक होणारे, भाड्याचा कोट चढवून वकील होणारे, सगळे त्याच्या कॅमेऱ्यासमोर येऊन गेले होते. त्यामुळे धाकट्या बहिणीनं, पन्नाशी उलटली तरी बेबीच म्हणवणाऱ्या बहिणीनं, एका निवृत्त पायलटशी लग्न ठरवलं तेव्हा दादा काही आनंदानं नाचला नाही.

"कसला पायलट?"

"हवाई दलातला. अगदी पहिली लढाऊ जेट आली ना, ती उडवायचे."

"हो का! मग मीही चंद्रावर जाऊन आलोय."

बोलला थट्टेत, पण त्यामागे कारण होतं. बेबीचं पहिलं लग्न त्यानंच जमवलं होतं. इंजिनियर म्हणून आणलेला जावई शाळाच अर्धवट सोडलेला निघाला, आणि त्याच्या थापांत बेबीची बारा वर्षं मातीत गेली. तिनं दादाला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

पायलट एक दिवस जुन्या निगेटिव्हचं पाकीट घेऊन दुकानात आला. लग्नानंतरच्या घरात, हॉलच्या भिंतीवर जेट विमानांचे आठ मोठे फोटो फ्रेम करून लावायचे होते. दादानं निगेटिव्ह उजेडात धरून बघितल्या. नाकाच्या जागी आ वासलेली बुटकी विमानं, मागे वळलेले पंख, धावपट्टीवरच्या सावल्या. पण आठांत हा बाबा कुठंच नाही!

"तुम्ही नाही दिसत यात?"

"फोटो मीच काढायचो ना," पायलट म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

झालं! दादाला वाटलं, इथंच पाणी मुरतंय. असली पाकिटं जुन्या बाजारात हवी तेवढी मिळतात.

मग त्यानं डार्करूममध्ये एक उद्योग केला. आठवी निगेटिव्ह छापताना मुद्दाम पालथी लावली. त्या विमानाचा आकडा इंधनाच्या गाडीआड गेला होता, त्यामुळे उलटी अक्षरं दिसायची भीती नव्हती. फक्त डाव्याचं उजवं झालं, आणि कॉकपिटला टेकवलेली शिडी विमानाच्या भलत्याच बाजूला गेली. येणाऱ्याजाणाऱ्याला काय कळतंय? पण रोज त्या शिडीनं चढलेला माणूस बघताक्षणी बोलेल. नाही बोलला, तर थापाड्या. आजवर दादाच्या हातून एकही निगेटिव्ह उलटी लागली नव्हती, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. पण बेबीपुढे तोरा कसला घेऊन बसलात!

फ्रेम त्यानं स्वतः टांगल्या. पायलट आठव्या फोटोसमोर जरासा थांबला, "सुरेख," म्हणाला आणि चहा ठेवायला आत गेला.

आठवडा गेला तरी पायलटच्या तोंडून अवाक्षर नाही. दादाची झोप उडाली. लग्नाची नोंदणी चार दिवसांवर आली, तेव्हा त्याला राहवेना. दुपारी तो त्या घरी गेला. बेबी पडदे लावत होती.

"पायलटसाहेब, हे शेवटचं विमान जरा बघा बरं. काही खटकतंय?"

पायलटनं भिंतीकडे न बघता बेबीकडे बघितलं. "शिडी," तो सावकाश म्हणाला. "आम्ही डावीकडून चढायचो. पहिल्याच दिवशी दिसलं मला."

"मग तोंडाला कुलूप का?"

"मी लावलं," बेबी स्टुलावरून खाली उतरली. "त्यांनी मला तेव्हाच सांगितलं. मी म्हटलं, दादाला बोलू नका. त्याची नजर अधू होतेय हे त्याला कळलं तर तो हायच खाईल. उलटं तर उलटं, जन्मभर तसंच ठेवणार होतो आम्ही." तिचे डोळे भरून आले. मग ती थबकली. "चुकूनच लागली ना रे निगेटिव्ह?"

दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगावं, तर हिच्या नव्या घरात, हिच्याच माणसासाठी आपण सापळा टांगला होता.

"चुकून गं," तो म्हणाला. "हल्ली दिसत नाही नीट."

"उद्या दहा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी येतेय सोबत. आणि आजपासून डार्करूममध्ये पाऊल टाकायचं नाही."

"बरं," दादा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं हुज्जत घातली नाही.

पायलट त्याला दारापर्यंत सोडायला आला. दादा खाली वाकून बूट घालत होता. लेस बांधायला त्याला फार वेळ लागत होता.

"फ्रेम टांगताना तुम्ही भिंतीकडे बघतच नव्हता, दादा," पायलट हलक्या आवाजात म्हणाला. "सारखे माझ्या तोंडाकडे बघत होता."

दादानं बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"उद्या डॉक्टरांनी तक्ता दाखवला की खालच्या दोन ओळी वाचू नका. तिला कळायला नको."