तीनदा घासलेला तांदूळ

मी एक जुने, तांदूळ पॉलिश करायचे यंत्र आहे. मित्रांनो, कसे सांगू? माझ्याकडून जी चूक झाली, ती मला अजून विसरता येत नाही.

मी गिरणीत आले त्या दिवशी मालकांनी स्वतःच्या हाताने मला तेल दिले. शेजारचे यंत्र साळीचे नुसते टरफल काढी. मग ते तपकिरी दाणे माझ्याकडे येत आणि मी त्यांना असे घासून काढी, की बघणाऱ्याने बघतच राहावे! "काय शुभ्र तांदूळ!" असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई. खालच्या पोत्यात पडलेला कोंडा गायीला जाई. कोंड्याची कोण फिकीर करतो?

मालकांची धाकटी ठकी जेवणाच्या बाबतीत महाहट्टी. भाताशिवाय काही तोंडात घालायची नाही. डाळ-भाजी पुढे केली की तोंड फिरवायची. म्हणून मालक लाडाने तिचा तांदूळ माझ्यातून तीनदा काढत. गिऱ्हाइकाला एकदा, लेकीला तीनदा! मीही जीव तोडून काम करी.

मग ठकी सुकत चालली. हातापायाला मुंग्या येतात म्हणायची. एकदा गिरणीच्या पायऱ्या चढताना मध्येच मटकन बसली. तिची आई रडकुंडीला आली.

शेवटी डॉक्टरीणबाई घरी आल्या. मुलगी काय खाते ते ऐकून त्या तडक गिरणीत शिरल्या. माझ्याखालच्या पोत्यातून त्यांनी मूठभर कोंडा उचलला. दाण्यातली थोडी प्रथिने आणि बरीचशी जीवनसत्त्वे यातच निघून येतात, असे त्यांनी समजावले आणि विचारले, "हे कोण खातं?"

"गाय," मालक म्हणाले. गाय दारातच उभी होती, चांगली धष्टपुष्ट.

मालकांनी गायीकडे पाहिले. ते पोत्यावर बसले. "म्हणजे माझ्या पोरीच्या तोंडचा घास मीच काढला?"

अहो, मालकांनी कुठला? मी काढला! मला तर वाटे, हा नुसता मळ आहे. मी हादरून गेले.

औषध सुरू झाले. ठकी आता डाळ खाते, आणि नाक मुरडत का होईना, तपकिरी भातही चावून चावून खाते. मित्रांनो, पांढरा रंग बघून भुलू नका. मला घासू द्या, पण दाण्याच्या अंगावर काहीतरी राहू द्या.

काल ठकी एकटी पायऱ्या चढून वर आली. तिने माझ्या तोंडावर झाकण ठेवले आणि बजावले, "आमचा तांदूळ तुला नाही."